शक्ति आणि आवर

जुन्या वस्तूंत नवें सामर्थ्य घालण्याचा मोह मनुष्यास फार प्राचीन काळापासून आहे. वाडवडिलांच्या वाड्यावर आणखी एक मजला चढविणें हा त्याच जातीचा उद्योग होय. असा मजला चढवावयाचा असतां जाणता गवंडी प्रथम वर पाहत नाहीं, तो खालीं पाहतो. पाया किती खोल आहे, भिंती किती रुंद आहेत, तुळया कोठें कुजल्या आहेत, हें सर्व ठोकून पाहिल्यावरच तो पहिल्या विटेस हात लावतो. आजच्या लेखाचा विषय वाड्याचा नसून मोटारगाडीचा आहे. तथापि गवंड्याचा हा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढें त्याची गरज पडणार आहे.

विषय निघण्याचें कारण असें. पुण्याच्या एका वाचकभगिनींनीं आम्हांस एक सविस्तर पत्र लिहिलें आहे. त्यांचे चिरंजीव गेलीं कित्येक वर्षें इंग्लंडच्या मध्यभागीं एका शहरांत इंजिनिअर आहेत. तेथें त्यांनीं १९७१ सालीं तयार झालेली 'एम्. जी. बी. जी. टी.' या जातीची दोन दारांची वेगवान गाडी विकत घेतली. आणि आतां तिचें मूळचें, चालू स्थितींतलें इंजिन काढून त्या जागीं जवळजवळ दुप्पट मोठें इंजिन बसविण्याचा घाट त्यांनीं आपल्या घरच्या मोटारखान्यांत घातला आहे. बाई लिहितात : "मामंजी म्हणतात, चालत्या गाडीचें काळीज काढणें हें कसलें शहाणपण? ह्यांना खर्चाची काळजी. सूनबाईची तक्रार कीं, जेवणाच्या टेबलावर कार्ब्युरेटर येऊन बसला आहे. मला भय वाटतें तें मात्र निराळेंच. त्या गाडीच्या मागच्या चिमुकल्या बैठकीवर आमचा सात वर्षांचा नातू बसणार आहे. मुलाला मना करावें कीं करूं नये, तेवढें सांगा."

आम्ही यंत्रशास्त्री नव्हे. आमचें आयुष्य मुलांना विभक्ति आणि समास शिकविण्यांत गेलें. परंतु येथें विषय यंत्राचा असला तरी निर्णय विवेकाचा आहे, आणि विवेकास माहितीचें अधिष्ठान लागतें. म्हणून प्रथम माहिती देतों, मत मागाहून सांगूं.

'एम्. जी.' हीं अक्षरें ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या नांवावरून आलीं. त्यांचा कारखाना ॲबिंग्डन या लहानशा गांवीं होता. तेथें १९६२ सालीं 'एम्. जी. बी.' ही उघड्या टपाची गाडी निघाली, आणि १९६५ सालीं तिचीच मागें उताराचें छप्पर असलेली 'जी. टी.' ही भगिनी आली. १९८० सालीं तो कारखाना बंद होईपर्यंत या घराण्याच्या पांच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. इंजिन १७९८ घन सेंटिमीटरांचें, बिडाचें, एका रांगेंत चार सिलिंडर असलेलें, आणि सुमारें ९५ अश्वशक्तीचें. गाडी साधी, सुटे भाग आजही सहज मिळणारे, आणि पाना धरतां येणाऱ्या कोणाही गृहस्थास उघडून समजेल अशी. हिच्यावर घरोघर प्रयोग होतात याचें कारण हेंच. ज्या गायीचा स्वभाव गरीब तिच्या भोंवतींच पोरें जमतात!

अधिक शक्तीची इच्छा केवळ हौशी लोकांनाच झाली असें नाहीं, ती खुद्द कारखान्यासही झाली. १९६७ सालीं कारखान्यानें याच सांगाड्यांत २९१२ घन सेंटिमीटरांचें सहा सिलिंडरांचें इंजिन बसवून 'एम्. जी. सी.' नांवाची गाडी बाजारांत आणली. शक्ति वाढली, १४५ अश्वशक्तीपर्यंत गेली. परंतु हें इंजिन बिडाचें, लांब, आणि मूळच्यापेक्षां सुमारें ९५ किलो अधिक वजनाचें होतें. तें बसावें म्हणून पुढच्या चाकांची सर्व टांगणी बदलावी लागली. इतकें करूनही गाडीचें नाक जड झालें. सरळ रस्त्यावर ती उत्तम धांवे, परंतु वळणावर तिचें तोंड बाहेरच्या बाजूस ओढ घेई. परीक्षकांनीं नाकें मुरडलीं, आणि नऊ हजारांच्या आसपास गाड्या काढून १९६९ सालीं हा प्रयोग आटोपता घ्यावा लागला. तात्पर्य, शक्तीबरोबर जो भार येतो त्याचा हिशेब चुकला, तर शक्तीचें सुख मिळत नाहीं.

आतां आमच्या पत्रलेखिकेच्या चिरंजीवांनीं जें इंजिन निवडलें आहे त्याची कुळकथा ऐका. ती मोठी मनोरंजक आहे. हें इंजिन जन्मानें अमेरिकन. जनरल मोटर्स कंपनीनें १९६१ सालीं ब्यूक वगैरे गाड्यांसाठीं तें काढलें. आठ सिलिंडर, चार-चारांच्या दोन रांगा इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या दोन बाहूंप्रमाणें मांडलेल्या, मोजमाप ३५२८ घन सेंटिमीटर. आणि विशेष हा कीं, तें बिडाचें नसून ॲल्युमिनियमचें होतें, म्हणून आकाराच्या मानानें फार हलकें. परंतु तें ओतणें त्या काळीं कटकटीचें व खर्चाचें ठरलें, आणि १९६३ सालीं कंपनीनें तें सोडून दिलें. पुढें १९६५ सालीं इंग्लंडच्या रोव्हर कंपनीनें त्याचे हक्क विकत घेतले, आणि १९६७ पासून तें रोव्हरच्या गाड्यांत दिसूं लागलें. मधल्या काळांत, १९६६ सालीं, जॅक ब्रॅबम यानें जी जागतिक मोटार-शर्यतीची अजिंक्यता मिळविली, तिच्या इंजिनाचा ठोकळाही याच कुळांतला होता. एका घरानें टाकलेलें हें अपत्य दुसऱ्या घरीं वाढलें, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत इंग्लंडांत चाकरी करीत राहिलें. अशा शेंकडों रोव्हर गाड्या भंगारांत निघाल्या, आणि त्यांचीं इंजिनें हौशी लोकांच्या हातीं पडलीं.

हें इंजिन 'एम्. जी. बी.' मध्यें बसतें हें दाखवून देण्याचा मान केन कॉस्टेलो या शर्यतपटूकडे जातो. १९७० च्या सुमारास त्यानें स्वतःच्या लहानशा कार्यशाळेंत असे फेरफार करून गाड्या विकण्यास आरंभ केला. कारखान्याच्या मालकांनीं त्याची गाडी मागवून पाहिली, आणि १९७३ च्या ऑगस्टांत स्वतःचीच 'एम्. जी. बी. जी. टी. व्ही एट' बाजारांत आणली. १३७ अश्वशक्ति, वेग ताशीं सुमारें २०० किलोमीटर. आणि आठ सिलिंडर असूनही इंजिनाचें वजन मूळच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाहून थोडेंसेंच अधिक! 'सी' च्या वेळीं चुकलेला हिशेब येथें जुळला. परंतु दैव आड आलें. दोनच महिन्यांनीं, ऑक्टोबर १९७३ मध्यें, अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली, पेट्रोलचे भाव कडाडले, आणि अधिक पेट्रोल पिणाऱ्या गाडीस गिऱ्हाईक मिळेना. १९७६ पर्यंत अवघ्या २५९१ गाड्या निघून ती बंद झाली. म्हणजे चिरंजीव जें करीत आहेत तें अश्रुतपूर्व साहस नव्हे. मामंजींना एवढें अवश्य सांगावें कीं, या गाडीस असलें काळीज तिच्या जन्मदात्यांनींच एकदां बसवून पाहिलें आहे.

आतां प्रत्यक्ष काम कसें चालतें तें पाहूं. प्रथम बॅटरीची तार सोडावयाची, रेडिएटरमधलें पाणी व इंजिनांतलें तेल काढून घ्यावयाचें, बॉनेट उतरवून भिंतीशीं ठेवावयाचें. नंतर तारा, नळ्या, दांडे एकेक सोडवून प्रत्येकास चिठ्ठी बांधावयाची. ही चिठ्ठी बांधण्याची शिस्त ज्याला नाहीं त्यानें या कामास हात लावूं नये, कारण सोडविण्यास दोन दिवस पुरतात, आणि "ही तार कोठली?" या प्रश्नास दोन महिने. मग गिअरबॉक्ससह इंजिन साखळीच्या कप्पीनें वर उचलून बाहेर काढतात. दीड-दोनशे किलोंचें तें धूड हवेंत लोंबकळत असतां त्याच्याखालीं हात जातां कामा नये, मग पाय आणि मूल यांची गोष्ट दूरच!

रिकाम्या झालेल्या पोकळींत नवें इंजिन उतरवून पाहिलें म्हणजे खरा विचार सुरू होतो. तें लांबीला आंखूड पण रुंदीला मोठें. त्याच्या दोन्ही अंगांनीं धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या निघतात, आणि एका बाजूस त्यांची गांठ थेट सुकाणूच्या दांड्याशीं पडते. जागा मिळावी म्हणून कोणी नळ्या खास वळवून घेतात, कोणी चाकांवरच्या आंतील पत्र्यास भोंक पाडून त्या तिकडून नेतात. वरच्या बाजूस कार्ब्युरेटर बॉनेटला भिडतात. कॉस्टेलोनें यासाठीं बॉनेटलाच उंचवटा केला, तर कारखान्यानें कार्ब्युरेटर मागें सरकवून बॉनेट सपाट राखलें. घरच्या कारागिरास या दोहोंतून एक वाट निवडावी लागते. १९७४ च्या अखेरीनंतरच्या गाड्यांत ही पोकळी मोठ्या इंजिनास सोयीची केलेली असते. परंतु १९७१ सालच्या गाडींत पत्रा कापणें, ठोकणें, पुन्हां जोडणें चुकत नाहीं.

इंजिन बसलें म्हणजे काम संपलें, असें नवशिक्यास वाटतें. वास्तविक तेथें त्याची सुरुवात होते. नव्या इंजिनाचा पीळ, म्हणजे चाकें फिरविण्याचा जोर, मूळच्याच्या पावणेदोन पट. तो जोर जुन्या गिअरबॉक्सला फार दिवस सोसवत नाहीं, म्हणून बहुतेक लोक रोव्हरचाच पांच गतींचा गिअरबॉक्स घेतात. तो बसवितांना बैठकींच्या मधल्या पत्र्याच्या बोगद्यास थोडी जागा करावी लागते, आणि मागच्या आंसाकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याची लांबी बदलावी लागते. पुढें येतो तो मागच्या आंसाचा दांत्यांचा हिशेब. मूळच्या गाडींत चाक एकदां फिरावें म्हणून हा दांडा सुमारें ३.९ वेळां फिरतो. कारखान्याच्या मोठ्या गाडींत तो ३.०७ वेळांच फिरे. मुलाचें बोट धरून वडील चालले म्हणजे मुलाचीं चार पावलें होतात तेथें वडिलांचीं तीन. लहान इंजिनास भराभर पावलें टाकावीं लागतात. मोठ्यास तीं टाकावयास लावणें म्हणजे पेट्रोल व्यर्थ जाळणें आणि यंत्र झिजविणें.

मोठें इंजिन तापतेंही मोठें. त्यास रेडिएटर अधिक ताकदीचा लागतो, आणि वारा घालण्यास विजेचे पंखे लागतात. ॲल्युमिनियम हलकें खरें, पण उष्णतेच्या बाबतींत नाजूक. एकदां पाणी संपून इंजिन भलतेंच तापलें, तर सिलिंडरांवरचें झांकण वांकडें होतें आणि सर्व खटाटोप मातीस मिळतो.

आतां ज्यासाठीं हा सर्व विस्तार केला त्या मुद्द्याकडे येतों. तो मुद्दा ब्रेकांचा. वेग सव्वापट झाला म्हणजे ब्रेकांनाही सव्वापट काम पडेल असें सामान्य माणूस समजतो. तसें नाहीं. धांवत्या वस्तूंतील गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं १६० किलोमीटरांचा वेग २०० वर गेला तर वेग सव्वापट, परंतु थांबवितांना ब्रेकांनीं गिळावयाची ऊर्जा दीडपटीहून अधिक. कारखान्यानें म्हणूनच मोठ्या इंजिनाच्या गाडीस पुढें अधिक जाड तबकड्या व त्यांस धरणारे मोठे चिमटे दिले होते. हौशी मनुष्य इंजिनासाठीं वर्षभर खपतो, आणि ब्रेकांची पाळी आली म्हणजे पैसा व धीर दोन्ही सरलेले असतात. "सध्यां जुनेच राहूं द्या, पुढें पाहूं" असें तो म्हणतो. हें 'पुढें' मात्र एखाद्या उतारावर अकस्मात् येऊन उभें राहतें.

कठोपनिषदांत देहास रथाची उपमा दिली आहे, हें आमच्या वाचकांस विदित आहेच. तेथें इंद्रियें हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धि ही सारथि. त्या रूपकांत घोडे दुबळे असावेत असें कोठेंही सुचविलेलें नाहीं. दोष दिला आहे तो लगाम हातीं नसलेल्या सारथ्यास. इंजिनाची शक्ति आपण आजही घोड्यांतच मोजतों. पंचाण्णव घोड्यांच्या रथास एकशें सदतीस घोडे जोडावयाचे, तर लगाम तेवढ्याच बळाचा हवा, आणि तो आधीं हवा. गवंडी प्रथम खालीं पाहतो तो याच न्यायानें.

कायद्याचा विचारही राहूं नये. इंग्लंडांत इंजिन बदललें कीं नव्या इंजिनाचा क्रमांक नोंदणी-खात्यास आणि विमा कंपनीस कळवावा लागतो. विमा कंपनीस न सांगतां गाडी रस्त्यावर आणणें म्हणजे अपघाताच्या दिवशीं निराधार होणें. तेथें फार फेरफार केलेल्या गाडीची ओळख टिकते कीं नाहीं हें ठरविण्याची पुष्कळ वर्षें चाललेली एक गुणपद्धति मोठी मार्मिक होती. एकंदर गुण चौदा. त्यांपैकीं सांगाड्यास पांच; टांगणी, आंस, गिअरबॉक्स व सुकाणू यांस प्रत्येकीं दोन; आणि इंजिनास अवघा एक! आठ गुण राहिले आणि सांगाडा मूळचा असला, तर गाडी तीच. आमच्याकडे मात्र दृष्टि निराळी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मालकास असे फेरफार मन मानेल तसे करूं देत नाहीं. आणि पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या खास नोंदणीसाठीं २०२१ सालीं जे नियम झाले त्यांत गाडी मूळ स्वरूपांत असावी, सांगाड्यांत वा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. तेव्हां हा लेख वाचून इकडच्या कोणा तरुणानें आजोबांच्या फियाटवर हात चालविण्यापूर्वीं नोंदणी अधिकाऱ्याचें दार ठोठवावें.

एकूण, इंजिन बदललें तर गाडी तीच राहते काय? हा वाद नवा नाहीं. मिलिंद राजानें नागसेन भिक्षूस जवळजवळ असेंच विचारलें, आणि भिक्षूनें उलट राजास विचारलें कीं, आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? जूं म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळीं 'नाहीं' म्हणाला. रथ हें नांव सर्वांच्या एकत्र येण्यास आहे, कोणा एका अवयवास नव्हे. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें समजण्यास भिक्षु लागत नाहीं. घरांत नवीन सून आली म्हणजे घर बदलतें, तरी घर तेंच असतें. परंतु तिच्यासाठीं सर्वांनीं थोडथोडी जागा केली तरच. एकटीनें सगळ्यांशीं जुळवून घ्यावें असें जेथें असतें तेथें पुढें काय होतें, तें सांगावयास नको.

आतां बाईंच्या प्रश्नाचें उत्तर. मना करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. वयांत आलेल्या, स्वतः मिळवून खर्च करणाऱ्या, हातांत विद्या असलेल्या मुलास दूर देशीं बसून मना करणें हें निष्फळ तर आहेच, शिवाय अन्यायाचेंही आहे. जो मनुष्य संध्याकाळचा वेळ लोखंडाशीं झटापट करण्यांत घालवितो, तो पुष्कळ हलक्या व्यसनांपासून वांचतो. परंतु मना न करणें म्हणजे विचारणें सोडणें नव्हे. वडील मंडळींनीं आशीर्वादाबरोबर चार प्रश्न अवश्य विचारावे.

पहिला : गाडीखालीं शिरतांना ती केवळ जॅकवर असते, कीं खालीं पक्के स्टँड लावलेले असतात? जॅक हा उचलण्यासाठीं आहे, तोलून धरण्यासाठीं नव्हे. आणि पत्रा जोडण्याचें काम पेट्रोलची टाकी व नळ्या दूर केल्यावांचून करूं नये.

दुसरा : काढलेलें इंजिन कोठें आहे? तें तेल घालून, गुंडाळून, कोरड्या जागीं ठेवावें, विकूं नये. पत्रा शक्य तितका कमी कापावा. पुढें कधीं नातवास वाटलें कीं आजोबांचें म्हणणेंच बरोबर होतें, तर त्यास परत फिरण्याची वाट मोकळी असावी.

तिसरा : खर्चाचा कागद केला आहे काय? अशा कामांत इंजिनाची किंमत ही खर्चाची पहिली ओळ असते, बेरीज नव्हे. निम्म्यावर पैसा संपून वर्षानुवर्षें मेणकापडाखालीं पडून राहिलेल्या गाड्या तिकडे गांवोगांव सांपडतात. सूनबाईंचें टेबल मोकळें होण्याची तारीखही त्याच कागदावर घालावी. ती मागणी रास्त आहे.

चौथा प्रश्न आजीचा, आणि तो सर्वांत आधीं विचारला गेला पाहिजे. गाडी किती पळेल, हें चिरंजीव आपण होऊन सांगतील. तो आनंद त्यांचा आहे. आजीनें एवढेंच विचारावें : "बाळ, ब्रेक कधीं बदललेस?" उत्तर "बदलले, आणि दुसऱ्या जाणत्या माणसाकडून तपासून घेतले" असें आलें, तर नातवास मागच्या बैठकीवर निर्धास्त बसूं द्यावें. "बदलणार आहें" असें आलें, तर इंजिन कितीही सुरेख गुरगुरत असलें तरी नातवानें घरीं राहावें, आणि त्याच्या बापानेंही.